घराचा सौदा



वसंत व्याख्यानमालेत राष्ट्र, धर्म, वाङ्मय अशा विषयांवर बोलण्याची रीत आहे. घर घेताना किंमत कशी उतरवावी हा विषय त्या पंक्तीला बसणारा नाही, असे काही श्रोत्यांना वाटेल. परंतु साध्या माणसाच्या आयुष्यात खरा मोठा व्यवहार एकच होतो, आणि तो बहुधा घराचा असतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी आपण दोन रुपयांवरून हुज्जत घालतो. घराच्या वेळी मात्र भिडेपोटी म्हणा, घाईपोटी म्हणा, लाखाचा आकडा मुकाट्याने मान्य करतो. मी शाळेत फार शिकलेला नाही. कामगार संघटनेच्या कामात मालकांसमोर बसून जे शिकलो, तेच आज सांगणार आहे.

‘सामुदायिक सौदा’ ही संज्ञा इंग्लंडातील बिॲट्रिस वेब या विदुषीने १८९१ साली वापरली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट साधी आहे. एकटा कामगार मजुरी ठरवायला जातो तेव्हा मालकाला थांबता येते, कामगाराला संध्याकाळच्या चुलीची काळजी असते. म्हणून त्याचा सौदा पडतो. घराच्या व्यवहारातही ज्याला थांबता येते त्याचे पारडे जड. तेव्हा एकच घर पाहून त्याच्यावर जीव जडवू नये. दुसरे एखादे घर खरोखर पाहून ठेवावे; नुसते पाहिल्याचे सोंग समोरच्याला लगेच कळते. आणि आपली शेवटची मर्यादा घरी, नवराबायकोने मिळून, कागदावर लिहून जावे. आमचे प्रतिनिधी वाटाघाटीला जातात तेव्हा सभेने ठरवून दिलेला आकडा त्यांच्या खिशात असतो. त्यामुळे चहाच्या दुसऱ्या कपाला माणूस विरघळत नाही.

जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव करतात, हे आपण पाहिले आहे. बोटे दोघांची, पण भाव बाकी कोणालाच कळत नाही. घराचा भावही पुष्कळ ठिकाणी असाच रुमालाखाली राहतो. ‘शेजारचे घर एवढ्याला गेले’ असे विकणारा सांगतो, मध्यस्थ मान डोलावतो, आणि मध्यस्थाची दलाली किमतीवर शेकड्याने असेल तर किंमत उतरण्यात त्याचा फायदा नसतो. हा रुमाल उचलण्याची सोय सरकारनेच करून ठेवली आहे. खरेदीखत नोंदले गेले की त्याचा गोषवारा सूची क्रमांक २ मध्ये येतो. त्यात मोबदला किती आणि सरकारी बाजारमूल्य किती, हे दोन्ही आकडे असतात. धाराशिवच्या दुय्यम निबंधकाकडे त्याचा शोध घेता येतो. आजूबाजूच्या तीनचार व्यवहारांचे आकडे हाती असले म्हणजे बोलण्याला बूड येते. मात्र कागदावरचा मोबदला सगळाच खरा असतो असे समजू नये. काही रक्कम वरच्या वर गेलेली असते.

सरकारी दरतक्त्याविषयीही एक गैरसमज आहे. तो दर म्हणजे बाजारातला भाव नव्हे. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ठरवलेले ते मूल्य आहे. तुमचा ठरलेला मोबदला त्याहून कमी असला तरी शुल्क दोहोंपैकी जास्त रकमेवरच बसते. हा खर्च आधी हिशेबात धरावा.

आता मुख्य गोष्ट. किमतीतून काय वजा करावे, काय करू नये?

बेंबळीत आणि आसपासच्या गावांत जुनी घरे दगडमातीची आणि माळवदाची. घर किती मोठे, हे आपण खणांवर सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, किल्लारी, सास्तूर या भागात अशाच भिंतींनी हजारो माणसे गाडली. मातीत रचलेला गोल दगड, भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेले माळवद. त्या पहाटे माणूस मेला तो या तीन गोष्टींनी. म्हणून असे घर घेताना एक जाणता मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला दिवसाची मजुरी द्यावी. माळवदाचा भार लाकडी खांबांवर आहे की नुसत्या भिंतींवर, भिंत पोटाला सुटली आहे काय, कोपरे फाकले आहेत काय, भूकंपानंतर मजबुतीचे काम झाले आहे काय, हे त्याच्याकडून पाहून घ्यावे. माती उतरवून छत हलके करणे, आरपार दगड घालणे, भिंतींना पट्टा बांधणे यांचा खर्च त्याने मांडून द्यावा.

समजा, विकणारा १२ लाख म्हणतो आणि हे काम दीड लाखाचे आहे. तर तो हिशेब त्याच्यासमोर ठेवावा. ‘तुमचे घर पडके आहे’ असे म्हणू नये. ज्या घरात एखादी बाई जन्मभर सारवत आली, तिच्या देखत भिंतीला नावे ठेवणारा माणूस दोन हजारसुद्धा सोडवून घेऊ शकत नाही. ‘राहण्याआधी मला एवढे करावे लागेल, ते मी कोठून आणू?’ असे विचारावे आणि गप्प बसावे. गप्प बसणे फार थोड्यांना साधते. मी कितीतरी चांगल्या मागण्या केवळ बोलणाऱ्याला शांतता सोसवली नाही म्हणून बुडताना पाहिल्या आहेत.

भिंतीचा दोष वजा होतो; कागदाचा दोष वजा होत नाही. ‘बहिणीची सही राहिली आहे, पण म्हणून तर एक लाख कमी करतो’, असे कोणी म्हणाले तर उठून यावे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतःच हक्क २००५ च्या कायदादुरुस्तीने मिळाला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. त्या बहिणीला बोलवा, तिचा वाटा तिला मिळाला का ते पाहा, तिची सही घ्या, मग भावाचे बोला. तसेच ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर-आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. आपल्या भागात निजामी अमदानीचे कागद उर्दूत किंवा मोडीत सापडतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांचे ड्रोनने मोजमाप होऊन मिळकतपत्रिका देण्याचे ठरले. या घराची ती निघाली असेल तर मागावी.

रोख रकमेचा मोहही असाच. ‘निम्मे रोख द्या, लाखभर सोडतो.’ ही सूट नव्हे. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. शिवाय सौदा फिसकटला तर त्या नोटांचा पुरावा कोठला आणणार?

उरली विकणाऱ्याची अडचण. आपल्याकडे घर हौसेने थोडेच विकले जाते! दुष्काळाची दोन वर्षे, दवाखाना, मुलीचे लग्न, सावकार. घेणाऱ्याला हे कळते आणि मित्र कानात सांगतात, ‘थांब, पुढच्या महिन्यात आणखी खाली येईल.’ १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, लांबत गेला, आणि कित्येक कामगारांच्या घरांतून आधी दागिने, मग भांडी आणि काहींची राहती खोलीही गेली. तेव्हा उपाशी माणसाशी भाव करणारे पुष्कळ होते. मला हा भाव मान्य नाही. मालकाने आमच्या भुकेवर सौदा करू नये म्हणून जन्मभर भांडायचे आणि घर घेताना तेच करायचे, हे जमणारे नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते कच्चे असते. पिळून घेतलेल्या सहीविषयी पुढे भावकी कुरकुरते, कोणी दावा लावतो, आणि वाचलेले पैसे वकिलाकडे जातात.

परंतु अडचण ओळखून दुसरे काही देता येते, आणि त्याच्या बदल्यात किंमत मागणे यात अन्याय नाही. ज्याला दवाखान्याचे बिल भागवायचे आहे, त्याला सहा महिन्यांच्या हप्त्यांपेक्षा पंधरा दिवसांत बँकेतून मिळणारी पूर्ण रक्कम मोलाची असते. ज्याची मुले गावच्या शाळेत आहेत, त्याला परीक्षेपर्यंत राहू द्यावे, तेही लेखी ठरवून. आमच्या संघटनेतल्या एका हमालाने असेच घर घेतले. विकणाऱ्या म्हाताऱ्याला पाडव्यापर्यंत राहायचे होते. याने चार महिने भाडे न घेता थांबायचे कबूल केले. आधी दुसऱ्या गिऱ्हाईकाने जास्त आकडा सांगितला होता, पण त्याला ताबा लगेच हवा होता. घर हमालाला मिळाले, कमी किमतीत, आणि म्हातारा आजही त्याच्या दारावरून जाताना थांबतो.

भाव जुळला की इसार शोध पुरा झाल्यावरच द्यावा, धनादेशाने द्यावा, आणि पावतीत पूर्ण किंमत, खरेदीखताची मुदत आणि व्यवहार मोडल्यास इसाराचे काय, हे लिहून घ्यावे. थकलेली घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल कोणी भरायचे हेही त्याच बैठकीत बोलावे. ही बाकी विकणाऱ्याने आधी भरून पावत्या दाखवाव्यात, आणि खरेदीखत झाल्यावर त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत आपल्या नावाची नोंद होण्यासाठी अर्ज द्यावा.