चाकणची व्हर्टस: दीडशे पीएस आणि सेडानचं भवितव्य

फोक्सवॅगन व्हर्टस ही सेडान जून २०२२ मध्ये भारतात आली. आपल्या पुण्याजवळच्या चाकणमध्येच बनते आणि मेक्सिकोलाही जाते, याचा मला मनापासून अभिमान आहे!

इंजिनं दोन, दोन्ही टर्बो पेट्रोल. १.० लिटरचं तीन सिलिंडरवालं ११५ पीएस देतं. शहरात तेवढं पुरतं. पण खरी मजा १.५ लिटरमध्ये. १५० पीएस आणि २५० एनएम टॉर्क. नुसत्या पीएसच्या आकड्यावर जाऊ नका, तो टॉर्क कुठे मिळतो ते बघा. होंडा सिटीचं टर्बो नसलेलं १.५ लिटर इंजिन १४५ एनएम देतं, तेही ४३०० आरपीएमला. व्हर्टसला २५० एनएम १६०० आरपीएमलाच मिळतात आणि ३५०० पर्यंत टिकतात. घाटात पुढे ट्रक रांगत असेल, तर ओव्हरटेकला इंजिन किंचाळवावं लागत नाही. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवला की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, पेट्रोल वाचतं. पाय दाबा, चारही पुन्हा कामाला!

बाजाराचं म्हणाल तर गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळलंय. मारुतीची सियाझ ही सेडान २०२५ मध्ये बंद झाली. ह्युंदाईची व्हर्ना टर्बो १६० पीएससह समोर उभी आहे, स्कोडाची स्लाव्हिया तर व्हर्टसची सख्खी बहीण. तरी माझ्या मते चालवण्याची आवड असलेला माणूस सेडान सोडणार नाही. ५२१ लिटरची डिकी आणि १७९ मिमी ग्राउंड क्लिअरन्स असताना त्याने का सोडावी? घ्यायची असेल, तर दोन्ही इंजिनं एकाच दिवशी, एकाच चढावर चालवून बघा.