गरम पाण्याचे पुनरभिसरण
जलतापकापासून (गीझरपासून) दूरच्या तोटीपर्यंत गेलेल्या नळातील पाणी वापर नसताना निवते. ते पंपाने तापकाकडे परत नेऊन नळ उष्ण ठेवण्याच्या योजनेस गरम पाण्याचे पुनरभिसरण म्हणतात. १५ मिमी. अंतर्व्यासाच्या १५ मी. लांब नळात सुमारे २·६५ लि. पाणी मावते. तोटी उघडल्यावर हे पाणी वाया जातेच. शिवाय नळाच्या भिंती तापण्यात उष्णता खर्च होत असल्याने प्रत्यक्षात याहून अधिक पाणी सोडून द्यावे लागते.

सर्वांत दूरच्या तोटीजवळून निघणारा स्वतंत्र परतीचा नळ तापकाच्या थंड पाण्याच्या प्रवेशमार्गास जोडतात. तापकाजवळ या नळावर लहान अपकेंद्री (केंद्रापासून दूर ढकलणाऱ्या प्रेरणेवर चालणारा) पंप व त्यापुढे पाणी उलट जाऊ न देणारी झडप बसवितात. ताज्या पाण्यातील ऑक्सिजनाने बीड गंजते, म्हणून पंपाचे कवच काशाचे वा अगंज पोलादाचे असावे. ज्या पंपाचा फिरता भाग पाण्यातच असतो, त्याच्या धारव्यांना (बेअरिंगांना) वंगण पाण्याचेच मिळते. त्यामुळे त्याचा दंड आडवा ठेवतात आणि नळातील हवा काढल्याखेरीज तो सुरू करीत नाहीत. पंपाच्या दोन्ही बाजूंस बंद करण्याच्या झडपा असल्यास दुरुस्तीसाठी सर्व नळ रिकामे करावे लागत नाहीत. विजेची भूजोडणी (अर्थिंग) अनिवार्य होय.

पंपाची निवड पुष्कळदा चुकते, कारण तो गरजेपेक्षा मोठा घेतला जातो. पंपाने केवळ नळांतून निसटणारी उष्णता भरून काढावयाची असते. सु. २२ मिमी. व्यासाच्या उघड्या नळात ६०° से. चे पाणी व भोवती २०° से. ची हवा असता दर मीटरास सुमारे ३० वॉट उष्णता जाते. चांगल्या निरोधक वेष्टनाने ती १० वॉटच्या आसपास येते. ३० मी. लांबीच्या वेष्टित वलयात हा व्यय ३०० वॉट होतो आणि पाण्याचे तापमान ५° से. उतरू द्यावयाचे ठरविल्यास मिनिटास ०·९ लि. पेक्षाही कमी प्रवाह पुरतो. तेच वलय उघडे ठेवून पंप अहोरात्र चालविल्यास दिवसाकाठी २१ एककांहून (युनिटांहून) अधिक ऊर्जा जाईल. वाचलेल्या पाण्याची ही किंमत फार झाली! म्हणून वेष्टन प्रथम, पंप नंतर. कालनियंत्रक व तापस्थापी यांनी व्यय कमी होतो. गरजेच्या वेळी कळ दाबून पंप चालविणे सर्वांत काटकसरीचे.

परतीचा नळ घालणे शक्य नसलेल्या जुन्या घरांत दूरच्या तोटीखाली तापमानानुसार मिटणारी झडप बसवून थंड पाण्याचा नळच परतीसाठी वापरतात. मात्र मग थंड तोटीतूनही काही काळ कोमट पाणी येते. हा दोष केवळ गैरसोयीचा नाही. फिलाडेल्फिया येथे १९७६ मध्ये उद्‌भवलेल्या फुप्फुसदाहाच्या साथीस कारण ठरलेला, १९७७ मध्ये ओळखला गेलेला लिजिओनेला सूक्ष्मजंतू सुमारे २०° ते ४५° से. तापमानाच्या पाण्यात वाढतो. यास्तव साठा ६०° से. ला आणि परतीचे पाणी ५०° से. च्या वर ठेवणे इष्ट. त्याचबरोबर भाजण्याचा धोका टाळण्यासाठी तोटीपाशी मिश्रण झडप लागते.

महाराष्ट्रात न्हाणीघरातच तापक असल्यास या योजनेची गरज नसते. गच्चीवर सौर जलतापक असलेल्या बहुमजली इमारतींत मात्र तिचे प्रयोजन आहे. तापक तळाशी असल्यास गरम पाणी हलके होऊन आपोआप चढते व निवलेले खाली येते. गच्चीवरील टाकीबाबत निवलेले जड पाणी वर न्यावयाचे असल्याने पंपावाचून गत्यंतर नाही. येथेही प्रवाह मंद हवा. तो जोराचा असल्यास टाकीतील उष्ण व थंड पाण्याचे थर मिसळतात आणि सकाळच्या वापरासाठी वरच्या थरात राखलेले पाणी कोमट होऊन बसते.