लेसरपूर्वीचे चार आठवडे

विवाहाची तिथी निश्चित झाली की घरात याद्या सुरू होतात. शालू, दागिने, पत्रिका, आहेर. एक विषय मात्र कोणत्याही यादीत येत नाही. हनुवटीवरचे आणि ओठांवरचे राठ केस मुलगी कित्येक वर्षे दर पंधरवड्याला थ्रेडिंगने काढीत असते, आणि आईजवळही त्याविषयी क्वचितच बोलते. लग्न महिन्यावर आल्यावर लेसरचा विचार पुढे येतो. तोवर फार उशीर झालेला असतो.

लेसरचा प्रकाश केसातील मेलॅनिन या रंगद्रव्यात शोषला जातो आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ दुर्बल होते. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा चिमट्याने मूळच उपटले असेल, तर प्रकाशाला लक्ष्यच उरत नाही. म्हणून उपचारापूर्वी किमान चार आठवडे हे तिन्ही बंद ठेवावे लागतात. ब्लीचने केसाचा रंग जातो, म्हणून तेही वर्ज्य. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही, तेही याच कारणाने.

तयारीतील सर्वांत कठीण भाग हाच. केस दिसू लागतात. दुकानात, मंदिरात, नातलगांत वावरताना संकोच वाटतो. यावर साधा उपाय रेझरचा आहे. रेझरने केस दाट होतात हा समज घरोघरी असला, तरी तो खरा नाही. रेझर मुळापर्यंत पोहोचतच नाही. कापलेले टोक बोथट असल्याने केस केवळ राठ भासतो. उपचाराच्या आदल्या दिवशी तर केस रेझरनेच काढून जायचे असते.

तथापि पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञांच्या भेटीची. केसांसोबत पाळी अनियमित असेल, मुरुमे किंवा वजन वाढत असेल, तर पीसीओएससारखे संप्रेरकांचे कारण असू शकते. त्याकडे दुर्लक्ष केल्यास नवे केस येतच राहतात. केस एकाएकी वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर तपासणी लांबवू नये. चालू असलेली औषधे, मुरुमांची मलमे, ओठांवर वारंवार उठणारे फोड, गर्भारपण, यांपैकी काहीही डॉक्टरांपासून लपवू नये.

सावळ्या त्वचेतही मेलॅनिन भरपूर असते. चुकीच्या यंत्राने ती भाजते किंवा डाग पडतात. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेसर अशा त्वचेसाठी तुलनेने सुरक्षित मानला जातो. कोणते यंत्र वापरणार हे विचारावे आणि आधी लहानशा जागेवर चाचणी करून घ्यावी. उपचारापूर्वी व नंतर ऊन टाळावे, सनस्क्रीन लावावे. बारीक लव असलेल्या जागी लेसरचा आग्रह धरू नये. चेहऱ्यावर क्वचित त्याने केस वाढलेलेही आढळतात.

चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ बैठका लागतात. म्हणजे तयारी लग्नाच्या वर्षभर आधी सुरू व्हावी. केस पुष्कळ कमी होतात, पण पुन्हा कधीच येणार नाहीत असे वचन कोणी देत असेल, तर सावध राहावे.

या विषयाची सुरुवात मुलीने करण्याची वाट आईने पाहू नये. डॉक्टरांकडे पहिल्या दिवशी ती सोबत गेली, तर त्या चार आठवड्यांचे ओझे बरेच हलके होते.