आले कंदकुज: डीएनए तपासणीतून रोगकारक कसा ओळखतात?

सातारा जिल्ह्यात आले हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. मेढ्यासारख्या जास्त पावसाच्या भागात पाण्याचा निचरा न झाल्यास कंदकुज झपाट्याने पसरते. पाने पिवळी पडतात, कंद सडतो. मात्र त्यामागे पिथियम, फ्युजारिअम किंवा राल्स्टोनिया जिवाणू असू शकतो. मेटॅलॅक्झिल पिथियमवर चालते, इतर दोघांवर नाही. निदान चुकले तर आळवणीचा खर्च वाया जातो.

प्रयोगशाळेत नमुन्यातील डीएनए वेगळा करून ओळख पटवणारा भाग वाचतात. जिवाणूंसाठी सुमारे १५०० अक्षरांचा १६एस जनुक, तर बुरशी व पिथियमसाठी आयटीएस भाग वापरतात. वाचलेला क्रम जागतिक नोंदींशी ताडून पाहतात. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात अशा पद्धतीने सूक्ष्मजीव ओळखले जातात.

पूर्ण सडलेला कंद तपासणीला देऊ नये. त्यात मागाहून शिरलेले सूक्ष्मजीवच जास्त सापडतात. सडका व निरोगी भाग जिथे मिळतो, तेथील तुकडा घ्यावा. नमुना कागदी पिशवीत, गार ठेवून लवकर पोहोचवावा.

मेलेल्या सूक्ष्मजीवांचा डीएनएही तपासणीत दिसतो. म्हणून अहवाल शेतातील लक्षणांशी जुळवूनच उपाय ठरवावा.