इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर?

आपल्या बचत गटांकडं आता नुसती शिलाई मशीन आणि पिठाची गिरणीच नाही, गाड्याही आल्यात. आमच्या पंढरपूर भागात वारीच्या दिवसांत कडक भाकरी, शेंगाचटणी, बेदाणे स्टॉलवर पोचवायला डिझेलची पिकअप लागतेच. कुणाची घरची असते, कुणी गटाच्या कर्जातून घेतलेली. ऐन आषाढीच्या आठवड्यात ती दोन दिवस गॅरेजात उभी राहिली, तर हप्त्याचे पैसे कुठून काढायचे हा प्रश्न बैठकीत येतो. म्हणून आज बोलायचं ते गाडीच्या मीटरमधल्या, इंजिनाचं चित्र असलेल्या पिवळ्या दिव्याबद्दल.

जुन्या डिझेल गाडीत बिघाड झाला की मिस्त्री आवाजावरून ओळखायचा. आताच्या गाडीत डिझेल किती आणि नेमकं कधी सोडायचं हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, तेव्हापासून तर त्याचं काम फारच वाढलंय. पण त्याला स्वतःला काही दिसत नाही. हवा किती आत आली, कूलंट म्हणजे रेडिएटरचं पाणी किती तापलं, इंजिन किती वेगानं फिरतंय, हे त्याला ठिकठिकाणचे सेन्सर सांगतात. तव्याचा ताप न कळताच भाकरी टाकायची वेळ आली तर जे होईल, तेच सेन्सरची खबर चुकली की इंजिनाचं होतं. काळा धूर येतो, सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. कधी ईसीयू सावध होऊन इंजिनाची ताकदच कमी करतो, मग भरलेली गाडी चढाला ओढत नाही.

आधी रंग बघा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथंच बाजूला घेऊन बंद करायची, पुढचं गाव गाठायचा विचारही नको. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश घरी आणता येते.

घरी आल्यावर काय करायचं? स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर पाचशे-हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तीन-चार गटांत मिळून एक घेतला तरी पुरतो. चावी फिरवायची, पण स्टार्टर मारायचा नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये कोड दिसतो. ॲप इंग्रजीत असतं, त्यासाठी कॉलेजला जाणारी एखादी मुलगी शेजारी बसवा. तिलाही काहीतरी शिकायला मिळतं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली आणि पुढं ती बऱ्याच देशांनी घेतली. त्यामुळं ‘पी’ आणि शून्यानं सुरू होणारा कोड पंढरपुरात, पुण्यात आणि परदेशात एकच अर्थ सांगतो. ‘पी १’ नं सुरू होणारे बरेचसे कोड मात्र ज्या त्या कंपनीचे असतात.

आता खरी गोष्ट. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर गेला असं नाही. कोड एवढंच सांगतो, की त्या सेन्सरकडून येणारी खबर ईसीयूला पटत नाही. बिघाड सेन्सरमध्ये असेल, वायरमध्ये असेल, नाहीतर कनेक्टरमध्ये. आमच्याकडच्या एका पिकअपला पी ०११८ आला होता, म्हणजे कूलंटच्या तापमानाचा. एका गॅरेजनं सेन्सर बदला म्हणून सांगितलं. मे महिन्यातली पहाट, गाडी रात्रभर उभी, आणि मोबाइलवर तापमान दिसत होतं उणे ४०! पंढरपुरात उणे ४० कुठून येणार? ईसीयू या सेन्सरच्या वायरवर पाच व्होल्ट सोडून ठेवतो. वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला तर ते पाच व्होल्ट तसेच राहतात, आणि ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडलाय. कनेक्टर काढून बघितला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुण्याची हौस असते ना, त्याचं हे फळ. पिना साफ करून घट्ट बसवल्या, आकडा २८ वर आला, सेन्सर आहे तोच आहे.

ही परीक्षा कुणालाही करता येते. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. वायर आणि कनेक्टर ठीक असूनही आकडा वेडावाकडा असेल, तर दोन पिनांचा सेन्सर मल्टीमीटरनं तपासायचा. बहुतेक गाड्यांत थंड इंजिनावर दोन-तीन हजार ओहम आणि तापल्यावर काहीशे ओहम येतात. मीटर काहीच दाखवत नसेल, तर मात्र सेन्सर खरोखर गेलाय. कनेक्टर काढताना इंजिन आणि चावी बंदच हवी.

दुसरा नेहमीचा पाहुणा पी ०१०१, हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. हा एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात बसतो. आपले मातीचे रस्ते, ऊसतोडीचा हंगाम, मळणीचा भुसा, त्यात फिल्टर महिनोन्‌महिने तोच. आधी फिल्टर बघा, मग पाइपाच्या पट्ट्या ढिल्या आहेत का, रबर चिरलंय का ते बघा. सेन्सरची तार फार नाजूक असते. तिला फडकं लावायचं नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, तोच वापरायचा. आणि गाडी धान्याच्या खोलीशेजारी उभी राहत असेल, तर उंदरानं कुरतडलेल्या वायरा आधी शोधा. सेन्सरपेक्षा उंदरांनीच गाड्या जास्त बंद पाडल्या असतील असं आमचं मत आहे.

बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती नीट जळून साफ होत नाही आणि दिवा लागतो. तो दिवा वेगळा असतो. गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणं मोठ्या रस्त्यावर सलग चालवली की बहुधा जातो.

एका ठिकाणी मात्र अजिबात हात घालायचा नाही. इंजेक्टरकडं जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. तिथली बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. गळती बोटानं चाचपायची नाही, नट सैल करायचा नाही. तसंच गाडी वॉरंटीत असेल तर काही न उघडता सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

जुनी गाडी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. चावी फिरवली की पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळातच लागत नसेल, तर कुणीतरी तो काढून टाकला असू शकतो.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा सल्ला देणारे भेटतील. दिवा जातो, पण त्याबरोबर कोडही बऱ्याचदा पुसला जातो आणि मिस्त्रीला शोधायला काही उरत नाही. आधी कोडचा फोटो काढा. तारीख, किलोमीटर, गाडी रिकामी होती की भरलेली, इंजिन थंड होतं की गरम, हे गाडीच्या वहीत लिहा. मिस्त्रीकडं गेल्यावर “सेन्सर बदला” असं म्हणू नका. “दादा, हा कोड आलाय, आधी वायर आणि कनेक्टर तपासून दाखवा” असं म्हणा. सेन्सर बदललाच, तर जुना परत मागून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी थंड असताना स्कॅनर लावून आकडा बघा.