पूड कीं कुपी? घरगुती कॉफीयंत्राची निवड

वऱ्हाड हा चहाचा मुलूख. अमरावतीच्या राजकमल चौकांत काय किंवा अकोल्याच्या टिळक रस्त्यावर काय, सकाळच्या प्रहरीं चार माणसें एकत्र आलीं म्हणजे त्यांच्या हातीं दिसतो तो चहाचाच पेला. असें असूनही महाराष्ट्रांत कॉफीसाठीं ज्या ठिकाणाचें नांव घेतलें जातें, तें याच वऱ्हाडाच्या माथ्यावर आहे. अमरावतीपासून सुमारें ८० किलोमीटरांवर, मेळघाटांतील चिखलदऱ्याच्या थंड पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंचीवर कॉफीचीं झाडें वाढतात. सहलीस गेलेलीं कुटुंबें परततांना मेळघाटच्या मधाबरोबर कॉफीचीहि एखादी पुडी घेऊन येतात, आणि पुष्कळदां ती पुडी फडताळांत तशीच राहते. कारण तिची कॉफी करावी कशी, हेंच घरांत कोणास नीटसें ठाऊक नसतें.

या पुडीच्या शेजारींच आतां एक नवी वस्तु येऊन बसूं लागली आहे. अकोल्याच्या जठारपेठेंत किंवा अमरावतीच्या रुक्मिणीनगरांत राहणारें एखादें वृद्ध जोडपें डोळ्यांपुढें आणावें. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळुरास. मुलगी दिवाळीस येते ती कॉफीचें यंत्र घेऊन येते आणि सांगते, "बाबा, यांत पूडही चालते नि कुपीही चालते. आईला आतां गॅसपुढें उभें राहायला नको." महिनाभर घरांत कौतुक चालतें. मग बरोबर आणलेल्या कुप्या संपतात. तशा कुप्या जवळच्या दुकानांत मिळत नाहींत. घरपोच मागवाव्या तर किंमत पाहून हात आंखडतो. पूड घालून पाहावी तर कॉफी पाणचट होते. शेवटीं यंत्रावर जें फडकें पडतें तें पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाहीं. लेकीनें मायेनें दिलेली वस्तु आपल्या हातून निकामी ठरली, याची रुखरुख पैशाच्या हानीपेक्षां मोठी असते. ती टाळावयाची तर यंत्र घेण्यापूर्वींच कांहीं गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. बाटलींत मिळणारी जी कॉफी गरम दुधांत टाकतांच विरघळते ती निराळी. कॉफीचा अर्क काढून तो वाळविला म्हणजे ती तयार होते. तिला यंत्र लागत नाहीं, आणि ती यंत्रांत घालूंही नये. येथें पूड म्हणजे भाजलेल्या बिया दळून केलेली, पाण्यांत न विरघळणारी पूड. आणि कुपी म्हणजे जिला पॉड किंवा कॅप्सूल म्हणतात ती: एका पेल्यापुरती पूड आंत भरून बंद केलेली ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची इवलीशी डबी, अथवा कागदाची चपटी पुडी.

कॉफी करणें म्हणजे गरम पाण्यानें पुडींतील रंग, रुचि व सुगंध ओढून घेणें. याकरितां पाणी साधारणपणें ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावें. तें फार निवालें असल्यास कॉफी आंबट व फिकी होते. पुडीशीं फार वेळ राहिलें तर ती कडवट होते. गंमत अशी कीं, उंचीमुळें चिखलदऱ्यास पाणी सुमारें ९६ अंशांवरच उकळतें. म्हणजे तेथें उकळतें पाणी तसेंच पुडीवर ओतलें तरी चालेल. अमरावतीस व अकोल्यास मात्र उकळी आल्यावर थोडें थांबावें लागतें. प्रमाण म्हणाल तर बिनदुधाच्या कॉफीस एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड धरतात. एका मध्यम पेल्यास ९–१० ग्रॅम होतात. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

हें काम सोपें करण्यासाठीं माणसानें अनेक युक्त्या काढल्या. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीनें मुलाच्या वहींतील टीपकागद घेऊन, भोकें पाडलेल्या भांड्यांत तो ठेवून त्यांतून कॉफी गाळली आणि १९०८ सालीं त्या युक्तीची नोंदणी केली. कागदांतून गाळणाऱ्या आजच्या यंत्रांचें मूळ तेथें आहे. दक्षिणेंतील पितळी किंवा पोलादी फिल्टर हा त्याच तत्त्वाचा, पण कागदावांचून चालणारा आणि वीज न मागणारा प्रकार. कुपीची कथा त्यानंतरची. स्वित्झर्लंडमधील नेस्ले कंपनींतील एरिक फाव्र या अभियंत्याच्या कल्पनेचें पेटंट १९७६ चें, आणि नेस्प्रेसो या नांवानें ती बाजारांत आली १९८६ सालीं. अमेरिकेंत क्युरिग कंपनीचें यंत्र १९९८ मध्यें प्रथम कचेऱ्यांतून आलें आणि मग घरांत शिरलें.

कुपीचा गुण नाकारण्यांत अर्थ नाहीं. दळलेली पूड उघडी राहिली कीं कांहीं दिवसांतच तिचा वास उडूं लागतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तर लवकरच. कुपीमध्यें हवा न शिरल्यामुळें तो टिकतो. मोजमाप नाहीं, सांडलवंड नाहीं. कळ दाबली कीं एक पेला तयार. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे, हाताला कंप आहे, किंवा ज्या घरांत कॉफी पिणारें एकच माणूस आहे, त्यांस ही सोय खरोखर मोलाची वाटते. प्रश्न इतकाच कीं, या सोयीसाठीं काय द्यावें लागतें?

पूड व कुपी दोन्ही घेणाऱ्या यंत्रांचीं मुख्यतः दोन कुळें आहेत. पहिलें अमेरिकन धाटणीचें. त्यांत एका अंगास जाळी किंवा कागद ठेवून पूड घालावयाची, त्यावर गरम पाणी ठिबकतें व खालीं पेला किंवा मोठें भांडें भरतें. दुसऱ्या अंगास कुपी बसते. हॅमिल्टन बीच कंपनीचें फ्लेक्सब्रू आणि क्युरिगचें के-ड्युओ हीं या कुळांतलीं नांवें. दुसरें कुळ इटालियन धाटणीचें. त्यांत पंप असतो आणि तो दाबानें पाणी पुडींतून लोटतो. अस्सल एस्प्रेसो कॉफीस सुमारें ९ बार दाब पुरेसा मानतात. खोक्यावर १५ किंवा १९ बार लिहिलें असलें म्हणून कॉफी दीडपट चांगली होत नाहीं. या यंत्रांबरोबर निरनिराळे सांचे येतात: एक पुडीचा, एक-दोन कुप्यांचे.

आतां वऱ्हाडी घरांतील पहिली कसोटी: दूध. आपल्याकडे कॉफी म्हणजे दुधाची कॉफी. पहिल्या कुळांतील यंत्रें बिनदुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठीं बनविलेलीं आहेत. त्यांतून निघालेल्या पातळ कॉफींत अर्धा पेला दूध ओतलें कीं उरतें तें तपकिरी रंगाचें दूध. नेस्प्रेसो जातीच्या कुपींत पूड असते ५ ते ६ ग्रॅम. तिच्यांतून सुमारें ४० मिलिलिटर दाट कॉफी निघते. ती लहान कपास पुरते, पण घरच्या मोठ्या पेल्यास दोन कुप्या लागतात. म्हणून दुधाची कॉफी पिणाऱ्या घरानें दुसऱ्या कुळाकडे वळावें, आणि पुडीची चाळणी १४ ग्रॅम तरी पूड घेते कीं नाहीं हें पाहावें. ७ ग्रॅमचीच चाळणी असेल, तर दोन माणसांच्या कॉफीसाठीं दोनदां खटाटोप करावा लागेल. आणखी एक सावधगिरी: दक्षिणी पद्धतीच्या पुडींत चिकोरी मिसळलेली असते. कायद्यानें अशा मिश्रणांत कॉफी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के तरी, असावी लागते. पोलादी फिल्टरांत चिकोरी दाटपणा देते. यंत्राच्या बारीक जाळींत मात्र ती चिकटून पाणी अडविते. यंत्रासाठीं बिनचिकोरीची, यंत्राला मानवेल अशी दळलेली पूड घ्यावी.

दुसरी कसोटी: कोणती कुपी? दुकानदार "कुपी चालते" एवढेंच सांगतो. परंतु सगळ्या कुप्या सारख्या नसतात. नेस्प्रेसोची क्युरिगमध्यें बसत नाहीं, क्युरिगची नेस्प्रेसोमध्यें नाहीं. ४४ मिलिमीटर व्यासाची कागदी पुडी मात्र एका खुल्या मापाची आहे व ती अनेक कंपन्या बनवितात. कुपीचें माप ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं घरची कॉफी जाते. २०१४ सालीं क्युरिगनें असें नवें यंत्र काढलें कीं, परवाना नसलेल्या कंपनीची कुपी घातल्यास तें चालेचना. गिऱ्हाइकांनीं एवढा गलका केला कीं, पुढच्याच वर्षीं कंपनीस चूक कबूल करून स्वतःची पूड भरण्याची कुपी पुन्हां द्यावी लागली. यावरून घेण्याचा धडा स्पष्ट आहे. दुहेरी यंत्राची परीक्षा कुपीच्या अंगानें न करतां पुडीच्या अंगानें करावी. कुपी बाजारांतून नाहींशी झाली तरी यंत्र उपयोगी राहील काय, हा प्रश्न आधीं विचारावा.

तिसरी कसोटी हिशेबाची. समजा, ५ ग्रॅमची कुपी ४० रुपयांस पडली. म्हणजे तींतील कॉफी किलोस ८,००० रुपये भावानें घेतली. तेंच पूड किलोस १,००० रुपये असली तर १० ग्रॅमच्या पेल्यास १० रुपये. रोज दोन पेले धरले तर महिन्यास कुपीचे २,४०० आणि पुडीचे ६०० रुपये होतात. वर्षाचा फरक २१,६०० रुपये. भाव बदलतील, पण रीति हीच: कुपीच्या किंमतीस तींतील ग्रॅमांनीं भागावें आणि मग निर्णय घ्यावा.

चौथी कसोटी पाणी व वीज यांची. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरला आहे. तेथील विहिरींचें पाणी कॉफीचा स्वाद बिघडवितें. नळास अमरावतीस अप्पर वर्धा धरणाचें व अकोल्यास काटेपूर्णा धरणाचें पाणी येतें, तें पुष्कळ बरें; परंतु कमी पडलें कीं कूपनलिकेचें पाणी टांकींत मिसळतें. ज्या पाण्यानें घरच्या पातेल्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो, त्यानेंच यंत्राच्या बारीक नळ्या बुजतात. गाळून शुद्ध केलेलें पाणी वापरावें. आणि यंत्राच्या माहितीपत्रकांत मनाई नसेल तर महिन्या-दोन महिन्यांनीं लिंबूसत्त्व घातलेलें पाणी यंत्रांतून फिरवून मागाहून दोनदां साधें पाणी सोडावें. विजेबाबत एवढेंच कीं, १,४५० वॅटचें यंत्र २३० व्होल्टांवर सहा अँपिअरांहून अधिक प्रवाह ओढतें. त्यास मिक्सरचें लहान बटण चालणार नाहीं, १६ अँपिअरांचेंच हवें. अमेरिकेहून कोणी यंत्र आणलें तर अधिकच जपावें. तें १२० व्होल्टांचें असतें. आपल्या विजेवर लावल्यास त्याच्या तापणाऱ्या तारेवर साडेतीन पटींहून अधिक भार येऊन तें क्षणांत जळतें. त्यास वेगळा, मोठ्या ताकदीचा रोहित्र लागतो, आणि तो जड व महाग असतो.

शेवटीं कचऱ्याचा विचार. पुडीचा गाळ तुळशीच्या कुंडींत थोडथोडा मिसळतां येतो. रिकाम्या कुपींत धातु किंवा प्लास्टिक आणि ओला गाळ एकत्र अडकलेला असल्यामुळें ती भंगारवालाही सहसा घेत नाहीं. हॅम्बुर्ग शहरानें २०१६ मध्यें आपल्या सरकारी कचेऱ्यांसाठीं अशा कुप्यांची खरेदी बंद केली. क्युरिगच्या कुपीचा जनक जॉन सिल्व्हन यानेंच २०१५ सालीं आपल्या शोधाबद्दल खेद व्यक्त केला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तर मग कोणी काय घ्यावें? घरांत कॉफी आठवड्यांतून दोन वेळां होत असेल तर यंत्राची गरजच नाहीं. पोलादी फिल्टर उत्तम. रोज दोघे-तिघे पिणारे असतील आणि पाहुणाही येत असेल, तर पुडीची मोठी चाळणी असलेलें दुहेरी यंत्र घ्यावें. कुपी पाहुण्यासाठीं आणि आजारपणासाठीं ठेवावी. आणि यंत्र आधींच भेट आलें असेल तर? त्याच्या मापाची, पुन्हां भरतां येणारी पोलादी कुपी मिळते काय तें पाहावें. ती आली कीं फडताळांत राहिलेल्या चिखलदऱ्याच्या पुडीसही वाट मिळते, फक्त ती पुडी फार जुनी झालेली नसावी. ज्यांच्या बोटांत बळ नाहीं त्यांच्यासाठीं घरांतील दुसऱ्या कोणीं तरी रात्रींच कुपी भरून ठेवावी. सकाळीं कळ दाबण्याचेंच काम उरतें. मग लेकीचा दूरध्वनि येईल तेव्हां यंत्र कसें आहे या तिच्या प्रश्नाला फडक्याआडून उत्तर द्यावें लागणार नाहीं.