अपारंपरिक अतिसंवाहकांतील स्वयंस्फूर्त सममितीभंग : एक विवेचन

प्रस्तावना :
पदवी वर्गात अतिसंवाहकतेचा परिचय शून्य विद्युत्‌रोध व माइसनर परिणाम या दोन गुणधर्मांद्वारे करून दिला जातो. सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांतही अध्यापनाचा भर प्रायः यांवरच असतो. तथापि या अवस्थेचे मर्म सममितीभंगाच्या संकल्पनेत आहे. प्रस्तुत लेखात त्या संकल्पनेचे व तिच्या पुराव्याचे विवेचन केले आहे.

संकल्पना :
सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडातील आण्वीय चुंबकांना कोणतीही समान दिशा नसते. लोखंड निवताच ते एका दिशेने रांग धरतात. निसर्गनियम सर्व दिशांना समान लेखतो. पदार्थ मात्र एकच दिशा निवडतो. यालाच स्वयंस्फूर्त सममितीभंग म्हणतात. अतिसंवाहकात दिशेची जागा तरंगाची कला घेते. बार्डीन, कूपर व श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात आणि सर्व जोड्या एकच कला धारण करतात.

अपारंपरिक अतिसंवाहकात कलेखेरीज आणखी एखादी सममिती भंग पावते. तांब्याच्या ऑक्साइडांतील चौरस जालक ९० अंशांतून फिरविल्यास पूर्ववत दिसते. परंतु जोडीच्या तरंगफलनाचे चिन्ह बदलते. त्सुएई, कर्टली व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तीन स्फटिकखंड जोडून केलेल्या कड्यात चुंबकीय स्रोताचा अर्धा पुंज मोजून या चिन्हबदलाचा पुरावा दिला.

मुंबईतील शोध :
त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता व सहकाऱ्यांनी इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता आढळल्याचे प्रसिद्ध केले. चुंबकत्वाशी नाते सांगणाऱ्या निकेलच्या संयुगात हे घडावे, हे विशेष होते. पुढे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी उष्णतावहनाच्या मापनावरून या वर्गातील संयुगात ऊर्जा-अंतर काही दिशांना शून्यवत होत असल्याचे दाखविले. परंतु एवढ्यावरून अतिरिक्त सममितीभंग सिद्ध होत नाही. चिन्ह न बदलताही ऊर्जा-अंतर दिशेनुसार कमी होत शून्याशी येऊ शकते. अंतर शून्य होणे व चिन्ह बदलणे या दोन भिन्न गोष्टी होत.

पुराव्याची कसोटी :
स्ट्रॉन्शियम रुथेनेटमध्ये १९९४ मध्ये सुमारे १ केल्विनला अतिसंवाहकता आढळली. १९९८ मधील म्यूऑन प्रयोगांतून काल-व्युत्क्रम सममिती भंगल्याचे संकेत मिळाले. जोडीतील इलेक्ट्रॉनांची परिवलने समांतर असतात, हे मतही दोन दशके मान्य होते. २०१९ मध्ये अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे प्रयोग नव्याने केले असता या मताचा मुख्य आधार ढळला. काल-व्युत्क्रम सममितीचा प्रश्न अद्याप वादग्रस्त आहे.

निष्कर्ष :
सर्व अतिसंवाहकांत कलेची सममिती भंगते. अपारंपरिकांत त्याहून अधिक. हे ‘अधिक’ प्रत्येक पदार्थात स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. म्हणून रुथेनेटचे जुने चित्र निर्विवाद उदाहरण म्हणून यापुढे शिकविणे उचित नव्हे. मुंबईत सापडलेल्या संयुगांच्या आधारे पुरावा व अनुमान यांतील भेद विद्यार्थ्यांना अधिक स्पष्टपणे दाखविता येईल.